चार वर्षं उपचार, आणि नवऱ्याची तपासणी राहूनच गेली

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं वय ३३, यजमानांचं ३६. मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू होऊन चार वर्षं झाली. पाळी २९-३० दिवसांनी, नियमित. एचएसजीत, म्हणजे ट्यूबच्या एक्स-रेत, दोन्ही ट्यूब उघड्या, थायरॉईड ठीक, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.४. सहा वेळा फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजाची वाढ बघणारी सोनोग्राफी झाली, पाच-पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, दर वेळी ‘एग फुटलं’, म्हणजे बीज सुटलं, असं सांगितलं गेलं, पण दिवस राहिले नाहीत. आता एका सेंटरने थेट आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, सुचवलंय. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात असं कधी कुणाचं झालं नाही. त्यांचे प्रश्न तीन: माझ्यात नेमका काय दोष आहे, आयव्हीएफ करावंच लागेल का, आणि आयव्हीएफच्या मुलांमध्ये पुढे काही व्यंग निघतं का.

ताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. रक्ताचे, सोनोग्राफीचे, ट्यूबच्या तपासणीचे सगळे आकडे तुम्ही तारखांसकट दिलेत. यजमानांचा एकही रिपोर्ट त्यात नाही. ठाण्यात नौपाड्यात २२ वर्षं डॉक्टर म्हणून हेच काम करतेय, त्यामुळे माझा अंदाज असा की तो लिहायचा राहिलेला नाही, करायचाच राहिलाय. म्हणून तुमचा पहिला प्रश्न जरा बदलून घेते: आम्हा दोघांचं कुठे अडतंय? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीने. आणि ते शोधणारी पहिली तपासणी सगळ्यांत स्वस्त आहे. सुई नाही, एक्स-रे नाही, भूल नाही. तरी बायकोच्या ट्यूबमध्ये औषध सोडून फोटो आधी काढले जातात आणि वीर्याची तपासणी चौथ्या वर्षी होते. इतकी वर्षं झाली तरी असं दिसलं की मला त्रास होतोच.

त्यामुळे सुरुवात तिथूनच करू, आणि नीट करू, कारण ही साधी तपासणीही नीट न झाल्यामुळे लोकांनी महिनोन्‌महिने घालवलेले मी पाहिलेत. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत; दोनपेक्षा कमी नको आणि ‘जास्त साठेल’ म्हणून पंधरा दिवसही नकोत, कारण मग जुन्या, मेलेल्या शुक्राणूंचा भरणा वाढतो. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. तिथे जमत नसेल, आणि बऱ्याच जणांना त्या छोट्या खोलीत जमत नाही, तर घरून आणता येतो, पण अर्ध्या-पाऊण तासात लॅबमध्ये पोचला पाहिजे. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे जवळ आहे, वेळ जातो तो स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत. तो धरून निघा. डबी लॅबनेच दिलेली वापरा, साधा कंडोम वापरू नका, साबण लावू नका. आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ नमुना खराब होऊ नये म्हणून टिफिनच्या पिशवीत बर्फात ठेवून घेऊन आले होते. रिपोर्ट आला, हालचाल शून्य. तो कागद घेऊन ते दोन महिने कुणाशी न बोलता फिरले. माझ्याकडे आल्यावर मी विचारलं, डबी आणली कशी? पुन्हा नीट तपासलं तर हालचाल ५० टक्क्यांच्या वर होती.

रिपोर्ट हातात आला की घाबरण्याआधी आकड्यांचा अर्थ समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमावलीप्रमाणे खालची मर्यादा अशी आहे: एकूण वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारी हालचाल ३० टक्के, आणि आकाराने नॉर्मल असलेले फक्त ४ टक्के. हो, फक्त ४. ‘९५ टक्के ॲबनॉर्मल’ असं वाचून माणूस खचतो, पण त्याचा अर्थ ५ टक्के नॉर्मल, म्हणजे रिपोर्ट ठीक आहे. या मर्यादा आल्या कुठून, तर ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांची तपासणी करून, त्यांच्यातल्या सगळ्यांत खालच्या ५ टक्क्यांच्या ठिकाणी रेघ मारली आहे. म्हणजे रेघेखाली असणाऱ्यांनाही मुलं झालेली आहेत, आणि रेघेच्या वर असणं ही हमी नाही. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून पहिला रिपोर्ट कमी आला तर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचा, आणि मधल्या काळात काय झालं होतं ते विचारायचं. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरियाचा ताप घरोघरी असतो. चार दिवस १०३ ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, खाली जातो आणि मग आपोआप वर येतो. फक्त काउंट अगदीच कमी किंवा शून्य असेल तर तीन महिने थांबू नये, लगेच पुढच्या तपासण्या कराव्यात.

काउंट कमी होण्याची काही कारणं टाळता येण्यासारखी आहेत. तंबाखू, गुटखा, सिगरेट, रोजची दारू, वाढलेलं पोट. भट्टीजवळची, सतत उष्णतेतली नोकरी. आणि अलीकडे माझ्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारं, जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. घेणाऱ्याला वाटतं पुरुषत्व वाढतंय. होतं उलटं: बाहेरून हार्मोन आलं की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम बंद होतो आणि शुक्राणू बनणं थांबतं. दंडाचे स्नायू फुगलेले आणि काउंट शून्य, असे तिशीच्या आतले मुलगे मी तपासलेत. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण काही महिने जातात, कधी वर्षही. वृषणाच्या फुगलेल्या शिरांबद्दल, म्हणजे व्हेरिकोसीलबद्दल, एवढंच सांगते की हाताला लागणारी गाठ असेल आणि काउंटही कमी असेल तरच ऑपरेशनचा विचार करावा. डॉप्लर सोनोग्राफीत ‘ग्रेड १’ दिसलं म्हणून कुणी टेबलावर घेत असेल तर दुसरं मत घ्या.

आणि काउंट शून्यच आला तर? तेव्हाही दार बंद होत नाही. शुक्राणू तयार होतायत पण वाट अडली आहे, की तयारच होत नाहीत, हे एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स, वृषणाचा आकार यांवरून बरंचसं कळतं. वाट अडली असेल, किंवा जन्मतःच ती नळी नसेल, तर सुईने थेट वृषणातून शुक्राणू काढून इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एका बीजात एकच शुक्राणू सोडणं, करता येतं. तयारच होत नसतील तर गुणसूत्रांची तपासणी लागते, आणि काहींच्या बाबतीत मायक्रोस्कोपखाली शस्त्रक्रिया करून थोडे शुक्राणू सापडतात. डोनरचा विषय हे सगळं झाल्यावर निघायला हवा.

आता तुमच्याकडे येते. एएमएच १.४ हे तुमच्या वयाला थोडं कमी आहे, फार कमी नाही. हा आकडा लोकांच्या मनात फार खोल बसलाय, म्हणून स्पष्ट सांगते. एएमएच म्हणजे साठ्याचा अंदाज. आतलं बीज कसं आहे ते त्यातून कळत नाही, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हेही कळत नाही, कारण त्यासाठी महिन्याला एकच बीज लागतं. इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं हाती लागतील, एवढ्यासाठी तो उपयोगी. बीजाचा दर्जा ठरतो वयावर. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्याकडे दहा-वीस लाख बीजं असतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि नवीन एकही तयार होत नाही. पस्तिशीनंतर संख्याही वेगाने उतरते आणि गुणसूत्रांत गडबड असलेल्या बीजांचं प्रमाणही वाढतं. म्हणून वयाच्या पस्तिशीपर्यंत वर्षभर प्रयत्न करून मग तपासणीला यावं, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. घाईची खरी गोष्ट तुमच्या बाबतीत १.४ नसून ३३ ही आहे.

ट्यूब उघड्या आहेत हे चांगलंच. पण एचएसजीत एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार, दिसत नाही. तुम्ही पाळीतल्या दुखण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते: पहिल्या दोन दिवसांत कामावर जाता येत नाही इतकं दुखतं का? संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं का? पाळीत शौचाला त्रास होतो का? आपल्या मुलींना तेराव्या वर्षापासून सांगितलेलं असतं की बाईच्या जातीला एवढं चालायचंच, लग्न झालं की थांबेल. त्यामुळे त्या सांगतच नाहीत. मी विचारते तेव्हा काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण ते आजवर कुणी विचारलेलंच नसतं. हा आजार असेल तर चित्र बदलतं. बीजांडकोशात चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारातली जुन्या रक्ताची गाठ, दिसली तरी लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन नको. सिस्ट काढताना शेजारची चांगली बीजंही जातात आणि १.४चं ०.७ होऊ शकतं. सिस्ट मोठी असेल, फार दुखत असेल किंवा शंकास्पद दिसत असेल तर ऑपरेशन. नाहीतर आधी बाळाचं बघायचं.

हे वाचणाऱ्या इतर बायकांसाठी थोडं. पीसीओडी असेल, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, तर अडचण बीज वेळेवर न सुटण्याची असते. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी लागते, आणि लेट्रोझोलच्या गोळ्यांनी बऱ्याच जणींचं काम होतं. ही सगळ्यांत सुटण्याजोगी अडचण आहे, हिच्यासाठी आयव्हीएफ पहिलं पाऊल नाही. ट्यूब बंद असणाऱ्यांत आपल्या देशात क्षयरोग हे मोठं कारण आहे. खोकला नसतो, ताप नसतो, पण जंतू ट्यूब आणि गर्भाशयाचं अस्तर खराब करून जातो. मात्र एचएसजीत ट्यूब बंद दिसली म्हणजे ती बंदच असं नाही. औषध आत जाताना दुखलं की ट्यूब मुळाशी आवळली जाते आणि फोटोत बंद दिसते. ट्यूबमध्ये पाणी साठलं असेल, ज्याला हायड्रोसालपिंक्स म्हणतात, तर ते आयव्हीएफच्या यशालाही जवळजवळ निम्म्यावर आणतं, म्हणून आधी ती ट्यूब काढावी किंवा बंद करावी लागते. फायब्रॉइड गर्भाशयाच्या पोकळीत डोकावत असेल तरच तो बहुधा अडसर, बाहेरच्या बाजूचा असेल तर राहू द्या.

दोघांचं सगळं नॉर्मल आलं तर त्याला कारण न सापडलेलं वंध्यत्व म्हणतात. अशी जोडपी बरीच असतात. कारण नाही असा त्याचा अर्थ नाही, आजच्या तपासण्यांना ते दिसत नाही इतकंच.

एक प्रश्न कुणी विचारत नाही, तोही विचारते. यजमान शिफ्टमध्ये काम करतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू आत तीन ते पाच दिवस जगतात. म्हणजे महिन्यातले उपयोगाचे दिवस सहा: बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. ३० दिवसांच्या पाळीत ते साधारण अकराव्या ते सोळाव्या दिवसाच्या आसपास येतात. सोनोग्राफीत एग फुटलेलं दिसलं आणि ‘आज संबंध ठेवा’ असं सांगितलं, तेव्हा बराचसा वेळ निघून गेलेला असतो. नवरा रात्रपाळीला, बायको सकाळी सातच्या ट्रेनला, रविवारी पाहुणे. अशा घरात चार वर्षांच्या प्रयत्नांतले खरे प्रयत्न किती झाले, हे दोघांनी बसून प्रामाणिकपणे मोजावं. आणि संबंध येतच नसतील, दुखतं म्हणून किंवा ताणामुळे, तर डॉक्टरांना सांगा. लग्नाला सहा वर्षं झालेली, तीन आययूआय (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं) झालेली आणि एकदाही पूर्ण संबंध न आलेली जोडपी माझ्यासमोर बसलेली आहेत. त्यांना आयव्हीएफच्या आधी दुसरी मदत हवी होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यजमानांचा रिपोर्ट चांगला आला, एंडोमेट्रिओसिसची लक्षणं नसली, तर मी तुम्हाला तीन आययूआयपर्यंत थांबायला सांगेन, तेही लागोपाठच्या महिन्यांत. आययूआयमध्ये वीर्य धुऊन, चांगले हलणारे शुक्राणू वेगळे करून, बीज सुटायच्या वेळेला बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. पाच मिनिटांचं काम, उठून घरी जाता येतं. एका वेळेला शंभरात दहा-पंधरा जणींना दिवस राहतात. तीनदा नाही झालं तर आठव्या-नवव्यांदा होण्याची आशा धरून वर्ष घालवू नये. रिपोर्टमध्ये काउंट फारच कमी आला तर आययूआयही नको, थेट इक्सी. तुम्हाला आयव्हीएफ सुचवणारं सेंटर चुकलंय असं मी म्हणत नाही. चार वर्षं झाली आहेत, कदाचित तिथेच पोचावं लागेल. पण एका बाजूचे कागद न बघता दिलेला सल्ला अर्धाच असतो.

आयव्हीएफ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून नऊ ते बारा दिवस रोज पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. बारीक सुई असते, बहुतेक जणी दुसऱ्या दिवसापासून स्वतः घेतात. मधे तीन-चार वेळा सोनोग्राफी. फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पिशव्या, पुरेसे मोठे झाले की शेवटचं, ट्रिगरचं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३५-३६ तासांनी थोडी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजं काढायची. ट्रिगरची वेळ घड्याळ लावून पाळायची असते. गणपतीत एका जोडप्याचं इंजेक्शन रात्री साडेदहाचं होतं आणि ते विसर्जनाच्या गर्दीत तीन हात नाक्यावर अडकले. घरी पोचून घेतलं तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलगी घाबरली होती, पण तिने फोन करून खरं सांगितलं. आम्ही पिकअप, म्हणजे बीजं काढणं, दीड तास पुढे ढकललं, काही बिघडलं नाही. उशीर झाला तर झाला, लपवू मात्र नका.

पिकअपच्या दिवशी दोघांनाही आम्ही अत्तर, सेंट लावून येऊ नका म्हणतो. शुभ म्हणून काहीजणी गजरा माळून येतात, तोही बाहेर काढून ठेवायला लावावा लागतो. लॅबची हवा त्या दिवशी अगदी स्वच्छ लागते. मग बीजं आणि शुक्राणू एकत्र ठेवतात, किंवा इक्सीमध्ये एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात. १९९२मध्ये बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी ही पद्धत यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं आणि काउंट कमी असलेल्या पुरुषांचं नशीब बदललं. काउंट चांगला असताना मात्र इक्सीने जास्त फायदा होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमधली भ्रूणतज्ज्ञ, मायक्रोस्कोपखाली बघते. फलित झालेल्या बीजात दोन बारीक गोल दिसतात, अगदी शेजारी शेजारी. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. काही तासच दिसतात, मग एकमेकांत मिसळून जातात. त्याचा फोटो मी जोडप्याला दाखवते. मूल होवो न होवो, त्या दिवशी तिथपर्यंत ते दोघं पोचलेले असतात.

पण आकडे कसे गळत जातात हे आधीच कळलेलं बरं. समजा तुमची १० बीजं मिळाली. त्यातली ८ पक्व असतील. ५-६ फलित होतील. ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवशीच्या वाढलेल्या भ्रूणापर्यंत, दोन-तीन पोचतील. दर सकाळी लॅबचा फोन येतो आणि दर फोनला आकडा लहान होतो. हे कुणी आधी सांगितलं नसेल तर घरचे म्हणतात, डॉक्टरांनी काहीतरी घोटाळा केला. नैसर्गिकरीत्याही अशीच गळती होत असते, आपल्याला ती दिसत नाही. एक भ्रूण आत सोडावं आणि उरलेली द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे. ‘दोन घाला, एकदाच कटकट मिटेल’ असं खूपजण म्हणतात. जुळ्यांत सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपण, काचेच्या पेटीत महिनाभर बाळं, आईला रक्तदाब, हे सगळं मी पाहिलंय. ती कटकट मिटणं नव्हे.

ट्रान्सफरनंतर, म्हणजे भ्रूण आत सोडल्यावर, पाय वर करून पंधरा दिवस पडून राहायची गरज नाही. त्याने फायदा होत नाही हे तपासून झालेलं आहे. चालणं, स्वयंपाक, ऑफिस चालतं. साधारण दोन आठवड्यांनी बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी. त्या दोन आठवड्यांत मनाचे जे हाल होतात त्यावर माझ्याकडे औषध नाही, फोन उचलणं मात्र माझ्या हातात आहे. आणि इंजेक्शनांनंतर पोट फुगलं, लघवी कमी झाली, धाप लागली तर रात्री दोनलाही फोन करा. बीजांडकोश जास्त उत्तेजित झाल्याची ती लक्षणं असतात. पीसीओडीवाल्यांना धोका अधिक.

चांगल्या लॅबमध्ये तुमच्या वयाला एका भ्रूणरोपणामागे बाळ घरी येण्याची शक्यता साधारण तीनात एक. चाळिशी ओलांडली की दहात एकाच्या आसपास, आणि ४३-४४ला स्वतःच्या बीजांनी पाच टक्क्यांच्या घरात. कुणी ७० टक्के सक्सेस सांगत असेल तर तीन गोष्टी विचारा: ७० टक्के टेस्ट पॉझिटिव्ह की ७० टक्के बाळं? कुठल्या वयाच्या बायकांमध्ये? स्वतःच्या बीजांनी की डोनरच्या? खर्च इंजेक्शनांसकट साधारण दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान जातो. इक्सी, गोठवणं, दर वर्षीचं साठवणीचं भाडं, गोठवलेलं भ्रूण पुन्हा सोडण्याचा खर्च, हे वेगवेगळं असतं. सुरुवातीलाच लेखी मागा. अस्तर खरवडणं, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला घटक टोचणं), महागड्या इम्युनिटीच्या सलाइन अशा जोडउपचारांनी तुमच्यासारख्या केसमध्ये बाळाची शक्यता वाढते असा पक्का पुरावा नाही. किती सायकल करायच्या ते दोघांनी सुरू करण्याआधी ठरवा. पहिली फसल्यावरच्या संध्याकाळी तो निर्णय घेऊ नये.

कायदाही माहीत असू द्या. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे, प्रमाणपत्र मागून बघा. उपचार घेणारी स्त्री २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ या वयात असावा लागतो. बीजदाती २३ ते ३५ वयाची, ती आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिची सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतं. मुलगा-मुलगी निवडून देणं हा गुन्हा आहे. हे सांगतेय कारण ३४ वर्षांच्या एका मुलीला, एएमएच १.१ असताना, स्वतःच्या बीजांचा एकदाही प्रयत्न न करता एका ठिकाणी डोनर एग सुचवलेलं मी पाहिलंय. पुढे तिला स्वतःच्याच बीजाने मुलगी झाली. तुम्हाला असं कुणी म्हटलं तर सही करू नका.

तिसरा प्रश्न, व्यंगाचा. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये आयव्हीएफची जगातली पहिली मुलगी, लुईस ब्राउन, जन्मली आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा. त्यांना त्या वेळी कुणी मानलं नाही, फार छळ झाला, १९८१मध्ये त्यांनी जीवन संपवलं. मग ६ ऑगस्ट १९८६ला आपल्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा जन्मली. २०१६मध्ये ती स्वतः आई झाली, बाळंतपण डॉ. हिंदुजांनीच केलं. जगात आज अशी एक कोटीहून जास्त मुलं आहेत. जन्मजात दोषांचं प्रमाण यांच्यात किंचित जास्त आढळतं, आणि त्यातला काही भाग आईवडिलांच्या मूळ अडचणीमुळे असतो. बहुसंख्य मुलं इतरांसारखीच निरोगी असतात. आमच्याकडच्या पहिल्या वर्षीच्या बाळांपैकी एकजण आता इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला येऊन पाया पडून जातो.

सासूबाईंबद्दल. त्यांच्याशी तुम्ही एकटीने बोलू नका. हे यजमानांनी आपल्या आईला सांगायचं आहे, ‘आई, आम्ही दोघं तपासून घेतोय’ एवढ्या एका वाक्यात. एका घरात मुलाने हे सांगितल्यावर सासूबाई स्वतः माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, लग्नानंतर सात वर्षं मलाही नव्हतं झालं, कुणाला सांगितलं नाही. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला जायचं नसेल तर जाऊ नका, कारण देत बसू नका. रात्री झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर समुपदेशकाकडे जाणं हा याच उपचाराचा भाग समजा.

या आठवड्यात करायचं ते असं. यजमानांनी तीन-चार दिवसांच्या अंतरानंतर वीर्य तपासणी करावी, जिथे आयव्हीएफ होतं अशा ठिकाणच्या लॅबमध्ये, आणि रिपोर्टवर नमुना दिल्याची आणि तपासल्याची वेळ लिहून घ्यावी. तुम्ही फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा. पाळी आली की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी करून फॉलिकल मोजून घ्या. एएमएचच्या जोडीला तो आकडा हवा. जाल तिथे दोघं मिळून जा, आणि एचएसजीचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मसुद्धा न्या.